नाळेला बांधलेला दोरा

न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, गिसबोर्न भागात मी मिडवाइफ आहे. इथली निम्म्याहून जास्त वस्ती माओरी, म्हणजे या देशाच्या मूळ रहिवाशांची.

त्या दिवशी पहिलटकरणीच्या कळा हळूहळू वाढत होत्या आणि तिची आजी खिडकीपाशी हाराकेके या इथल्या वाखाच्या झाडाचं पान घेऊन बसली होती. सगळे त्यांना नॅन म्हणत, मीही. नाळ बांधायचा दोरा त्यांनी आधीच वळून, निर्जंतुक करून आणला होता. हे पान नुसतं हाताला चाळा म्हणून. त्यांनी पानाच्या पाठीवर आडवा चरा दिला, शिनाण्याची शिंपली धरून ओढली. हिरवा गर सोलून निघाला आणि आतून पांढराशुभ्र वाख मोकळा झाला. मग पाय उघडा करून, आपल्याकडे आजी वाती वळते तसे दोन पदर नडगीवर वळले. हात मागे येताच दोन्हींचा एक पीळ झाला.

"पोरी, मधलं पातं कधी कापायचं नाही," नॅन म्हणाल्या. "ते बाळ. दोन्ही बाजूंना आईबाप. कापायचं ते बाहेरचं, आजी-आजोबांचं. आणि पावसात तर नाहीच."

त्यात झाडाची काळजीही आहे. कोंब मधूनच वाढतो, तो कापला की तो फुटवाच संपतो.

१९०७ च्या कायद्याने माओरी वैद्यांवर, तोहुंगांवर बंदी आली. तो १९६२ मध्ये रद्द झाला, पण तोवर बाळंतपणं दवाखान्यांत गेली होती. "माझ्या लेकरांची वार कुठं टाकली, मला कुणी विचारलंच नाही," नॅन म्हणाल्या. गावाकडे वार पुरताना मी पाहिलंय, त्यामुळे हे ऐकून पोटात तुटलं.

संध्याकाळी मुलगी झाली. नाळेचे ठोके थांबल्यावर दोन ठिकाणी दोरा आवळला, मधे कापलं. रक्ताचा थेंब नाही. ट्रेमधला प्लॅस्टिकचा चिमटा तसाच राहिला. तो डायपरमध्ये टोचतो. दोरा पोटावर मऊ पडतो. वार भोपळ्याच्या भांड्यात ठेवून घरच्यांच्या हाती दिली. ती त्यांच्या वाडवडिलांच्या जमिनीत जाणार होती.

शेवटी वाहाकुरा आला, हाराकेकेची विणलेली बाळटोपली. ती आईबापांच्या अंथरुणातच ठेवतात, म्हणजे बाळ जवळही राहतं आणि कुणाच्या अंगाखाली येत नाही. झोपेत दगावणारी माओरी बाळं वाचावीत म्हणून डॉ. डेव्हिड टिपेने-लीच आणि विणकर बायकांनी २००६ च्या सुमारास याच भागात हे काम उभं केलं. २०१७ च्या एका अभ्यासात ही टोपली बाजारातल्या पाळण्याइतकीच सुरक्षित ठरली, आणि सहा महिन्यांनीही पूर्णपणे अंगावर पाजणाऱ्या आया त्यात जास्त निघाल्या. शिंपली आणि पानांतून आलेली ही गोष्ट मला आमच्या कुठल्याही यंत्राइतकीच मोलाची वाटते.

मी तोंड उघडायच्या आत नॅननीच नातीला बजावलं: पाठीवरच निजवायचं, उशी नाही, तोंडावर पांघरूण येऊ द्यायचं नाही आणि घरात कुणी सिगारेट पेटवायची नाही. माझ्या यादीतलं काहीच सांगायचं उरलं नाही. मी कागदावर सही केली.