कमाटीबाग ते करनाळी: अरविंद घोषांच्या बडोद्याच्या वाटेने

श्रीअरविंदांचं नाव घेतलं की पाय पुदुचेरीकडे वळतात. पण १९१० मध्ये तिथे उतरलेला माणूस सदतीस वर्षांचा होता आणि त्याची दिशा ठरलेली होती. ती ठरली बडोद्यात, १८९३ ते १९०६ या तेरा वर्षांत. त्या बडोद्यावर गायकवाडांचं राज्य होतं, आणि अरविंदांना योगाकडे नेणारी माणसं बहुतेक सगळी मराठी होती. मराठी वाचकाने ही वाट एकदा तरी चालावी असं आम्हाला मनापासून वाटतं. दोन दिवस पुरतात: पहिला बडोदा शहरात पायी, दुसरा नर्मदाकाठी. दांडिया बाजारातलं घर मात्र नर्मदेहून परतल्यावरच पाहा. का, ते पुढे येईल.

निघण्यापूर्वी घराणं माहीत हवं, नाहीतर नर्मदाकाठच्या करनाळीच्या देवळात काय घडलं ते कळणार नाही. आजोबा, म्हणजे आईचे वडील राजनारायण बसू, हे आदि ब्राह्मो समाजाचे मोठे पुढारी. मूर्तिपूजा नाकारणारं, उपनिषदांतलं निराकार ब्रह्म मानणारं घर. वडील डॉ. कृष्णधन घोष अ‍ॅबर्डीनला वैद्यकी शिकून आले, रंगपूरला सिव्हिल सर्जन झाले. त्यांचं आणि स्वर्णलतादेवींचं लग्न १८६४ मध्ये ब्राह्मो पद्धतीने लागलं होतं. पण विलायतेहून परतलेले कृष्णधन सासऱ्यांच्याही पुढे गेले. मुलगा १५ ऑगस्ट १८७२ ला कलकत्त्यात जन्मला, तर अ‍ॅनेट अ‍ॅक्रॉइड या इंग्रज शिक्षणसुधारक बाईंवरून त्याच्या नावात ‘अ‍ॅक्रॉइड’ घातलं. घरात बंगाली नको, इंग्रजीच हवी. पाच वर्षांचा झाल्यावर दार्जिलिंगचं लोरेटो कॉन्व्हेंट, आणि १८७९ मध्ये दोन थोरल्या भावांबरोबर थेट मँचेस्टर. तिथे ड्रूएट नावाच्या पाद्र्याच्या घरी मुलांना ठेवताना वडिलांची सक्त ताकीद होती: हिंदी माणसांशी संबंध येऊ द्यायचा नाही, आणि कुठल्याही धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. धर्म निवडायचाच असेल तर मोठेपणी त्यांचा तो निवडतील.

या दुसऱ्या अटीकडे चरित्रं वाचताना आपलं लक्ष जात नाही. आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. या मुलाला ना संध्या शिकवली, ना बायबल. पुढे लंडनचं सेंट पॉल्स, केंब्रिजचं किंग्ज कॉलेज, ग्रीक-लॅटिनमधली बक्षिसं. १८९० मध्ये आयसीएसच्या परीक्षेत तो अकरावा आला आणि शेवटी घोडेस्वारीच्या चाचणीवर अडला. घरून पैसे वेळेवर येत नसत, तेव्हा लंडनात पाव, लोणी आणि चहावर दिवस काढले. मॅक्स म्युलरच्या भाषांतरातून उपनिषदं वाचली आणि ‘आत्मा’ हा शब्द मनात रुतला, तोही तिकडेच. घरच्या देव्हाऱ्यातून त्याला काहीच मिळालं नव्हतं. म्हणून पुढे जे घेतलं ते त्याने स्वतः पारखून घेतलं.

लंडनमध्येच सयाजीराव महाराजांशी भेट झाली आणि दरमहा २०० रुपयांवर नोकरी ठरली. ‘कार्थेज’ बोटीने ६ फेब्रुवारी १८९३ ला ते मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. भूमीला पाय लागताच एक विलक्षण शांतता अंगावर उतरली आणि पुढे कित्येक महिने टिकली, असं त्यांनीच नोंदवलं आहे. त्याआधी थोडेच दिवस, मुलगा ज्या बोटीत आहे असं वाटत होतं ती बुडाल्याच्या बातमीने वडील गेले होते. मुलगा त्या बोटीत नव्हताच.

आता बडोदा. स्टेशनवरून अलकापुरीच्या बाजूला बाहेर पडू नका, सयाजीगंजच्या बाजूला पडा. चालत काही मिनिटांवर मोठ्या घुमटाची इमारत दिसते, ते जुनं बडोदा कॉलेज. आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा तिथे आहे. इमारत चिझम या वास्तुकाराची, घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा. बरेच जण समजतात की अरविंद बडोद्याला प्राध्यापक म्हणूनच आले. तसं नाही. पहिली काही वर्षं जमीन-मोजणी, मुद्रांक-महसूल आणि मग दिवाण कचेरी. कॉलेजात ते १८९७ मध्ये फ्रेंच शिकवायला आले, नंतर इंग्रजीचे प्राध्यापक आणि शेवटी उपप्राचार्य झाले. मुलं प्रत्येक शब्द उतरवून घेतात आणि पाठ करतात, याचं त्यांना आश्चर्य वाटे. इंग्लंडात त्यांनी असं पाहिलं नव्हतं. शिक्षण चालू असेल तर वर्गांत शिरता येत नाही. बाहेरून, व्हरांड्यातून इमारत पाहायची असेल तर सुट्टीचा दिवस बरा.

तिथून काळ्या घोड्याकडे चालत जा. सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याला बडोदेकर असंच म्हणतात. समोर सयाजीबाग, जुन्या लोकांची कमाटीबाग. १८९३ मध्येच, बडोद्यातल्या पहिल्या वर्षात, अरविंदांच्या घोडागाडीला इथे अपघात होता होता राहिला. त्या क्षणी आपल्या आतूनच एक तेजस्वी पुरुष उभा राहिला आणि त्याने सगळं आवरलं असं त्यांना दिसलं. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी यावर एक सुनीत लिहिलं. बागेत याची खूण शोधू नका. जागा म्हणजे हा रस्ता आणि ही वर्दळ, आणि तिथे थोडा वेळ उभं राहणं पुरतं. शेजारच्या विश्वामित्रीच्या पात्रात मात्र उतरू नका, तिच्यात मगरी आहेत.

पूल ओलांडला की कोठी. संस्थानच्या कारभाराची ही इमारत, आता सरकारी कचेऱ्या. रावपुऱ्यातून सुरसागरापर्यंत चालत जाताना दुकानांच्या पाट्यांवर आणि घरांवर मराठी आडनावं भेटत राहतात. केंब्रिजपासूनचे मित्र केशवराव गणेश देशपांडे याच वर्तुळातले. ते मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’चा इंग्रजी विभाग पाहत असताना त्यांच्याच आग्रहाने अरविंदांनी ऑगस्ट १८९३ पासून काँग्रेसच्या अर्जविनंतीच्या राजकारणावर झोड उठवणारी लेखमाला लिहिली. न्यायमूर्ती रानड्यांनी मालकांना सावध केल्यावर तिची धार बोथट झाली आणि मार्च १८९४ मध्ये ती थांबली. नंतर रानडे त्यांना भेटले आणि तुरुंगसुधारणेचं काम हाती घ्या असं सुचवलं. रानड्यांच्या बाजूने पाहिलं तर सल्ला कळकळीचाच होता, पण दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या.

देशपांड्यांनी त्यांना योग करा म्हणूनही सांगितलं होतं. अरविंदांनी नकार दिला. ज्या योगासाठी जग सोडावं लागतं तो आपल्याला नको, आपल्याला देशाचं काम करायचं आहे, हे त्यांचं उत्तर. सुधारकी घराचा नातू इथे स्पष्ट दिसतो. १९०१ मध्ये मृणालिनीदेवींशी लग्न झालं, तेव्हा समुद्रपर्यटनाचं प्रायश्चित्त घ्यायलाही त्यांनी साफ नकार दिला होता.

मग वळण कसं आलं? धाकटा भाऊ बारीन जंगलातला ताप घेऊन बडोद्याला आला होता आणि ताप उतरत नव्हता. एका नागा साधूने पेलाभर पाणी घेतलं, मंत्र म्हणत चाकूने ते आडवं-उभं कापल्यासारखं केलं आणि प्यायला दिलं. बारीन बरा झाला. अरविंदांनी निष्कर्ष काढला की यात काहीतरी शक्ती आहे, आणि ती देशासाठी वापरता येईल. मोक्षाची ओढ म्हणून ते योगाकडे वळले नाहीत. देवधर नावाचे इंजिनिअर, नर्मदेवरच्या स्वामी ब्रह्मानंदांचे शिष्य, त्यांच्याकडून त्यांनी प्राणायाम समजून घेतला आणि १९०४ च्या सुमारास सुरू केला: सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन. परिणामही मोजून सांगितला. पूर्वी महिन्याला दोनशेच्या आसपास ओळी सुचत, प्राणायामानंतर तेवढ्या अर्ध्या तासात लिहून होत. पुढे राजकारणाच्या धावपळीत नियम मोडला आणि आजाराने गाठलं. या साधनेची ही बाजूही त्यांनी लपवली नाही. पुस्तकात वाचून पाच-पाच तासांचा प्राणायाम करू पाहणाऱ्यांनी ती जरूर लक्षात ठेवावी.

दुसरा दिवस नर्मदेचा. डभोई साधारण ३० किलोमीटर, तिथून चांदोद आणखी २० च्या आसपास. डभोईची छोटी रेल्वे म्हणजे हिंदुस्थानातली पहिली नॅरो गेज, १८६० च्या दशकात सुरुवातीला चक्क बैलांनी ओढलेली. चांदोदचा मार्ग आता ब्रॉडगेज होऊन केवडियापर्यंत गेला आहे. पहाटे निघा. अमावास्या टाळा, कारण त्या दिवशी करनाळीच्या कुबेरभंडारी मंदिराकडे लोटणाऱ्या गर्दीत घाटावर उभं राहायलाही जागा मिळत नाही. पावसाळ्यात आणि वरच्या सरदार सरोवरातून पाणी सोडतात तेव्हा घाटाच्या पायऱ्या भराभर बुडतात. नावाडी नको म्हणाला तर हट्ट करू नका.

चांदोदला नर्मदेला ओरसंग मिळते, आणि गुप्त सरस्वती धरून त्रिवेणी मानतात. मल्हारराव घाटावर उतरलं की नाव मिळते. पलीकडे करनाळी. जाण्यायेण्याचं भाडं आणि पलीकडे थांबायचा वेळ आधीच ठरवून घ्या, नाहीतर नाव दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर निघून जाते. चांदोदच्या जवळच गंगानाथ. तिथे स्वामी ब्रह्मानंद राहत, आणि देशपांड्यांनी तिथेच राष्ट्रीय शिक्षणाची शाळा काढली. ब्रह्मानंद दर्शनाला आलेल्यांसमोर सहसा डोळे मिटून बसत. अरविंद नमस्कार करून निघाले तेव्हा त्यांनी डोळे पूर्ण उघडून पाहिलं. अरविंदांनी त्या डोळ्यांची आठवण पुढे अनेकदा काढली.

करनाळीत कुबेरभंडारीलाच दर्शन घेऊन परतू नका, बहुतेक जण हीच चूक करतात. आपल्याला हवं आहे ते काठावरचं कालीचं लहान देऊळ. तिथे जायचं म्हणून वेगळं विचारावं लागतं. याच परिसरातल्या कालीच्या मंदिरात अरविंद गेले ते मूर्तिपूजेवर अजिबात विश्वास नसलेल्या मनाने. आजोबांचं ब्राह्मो मत, वडिलांची विलायती शिस्त, चौदा वर्षांचं इंग्लंड, सगळं पाठीशी. आणि मूर्तीकडे पाहिलं तर समोर दगड नव्हता, जिवंत सान्निध्य होतं. राजनारायण बसू १८९९ मध्ये गेले होते, नातवाचा हा अनुभव त्यांना कळला नाही. आम्हाला मात्र वाटतं की घराने दिलेली सवय इथे मोडली नाही, पुरी झाली. धर्म त्यांचा ते निवडतील, ही वडिलांचीच अट. मुलाने डोळ्यांनी पाहिल्यावर मानलं. गाभारा लहान आहे. पाठीमागची माणसं खोळंबतात, तेव्हा दर्शन घेऊन बाहेर नदीकडे तोंड करून बसा.

आता परत बडोद्याला, दांडिया बाजारात. लाल विटांचं दुमजली घर खासेराव जाधवांचं. हे गायकवाडी राज्यातले मोठे अधिकारी. त्यांचे भाऊ माधवराव अरविंदांचे जिवलग. आज हे ‘श्रीअरविंद निवास’ आहे, ध्यानाची खोली खुली असते. येण्याआधी वेळ विचारून घ्या, दुपारी बंद दाराशी थांबावं लागू नये. हे घर शेवटी ठेवायचं, कारण इथली मोठी घटना नोकरी सोडून गेल्यानंतरची आहे. सुरतच्या अधिवेशनात काँग्रेस फुटल्यावर जानेवारी १९०८ मध्ये अरविंद बडोद्यात आले, बारीनने विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यांना बोलावून घेतलं आणि पहिली भेट या घरात झाली. पुढचे तीन दिवस मात्र सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या वरच्या खोलीत गेले. या दोन जागांची नेहमी गल्लत होते.

लेल्यांनी सांगितलं ते एवढंच: विचार आपले नसतात, बाहेरून येतात, ते आत शिरण्याआधी परतवा. अरविंदांनी हे शब्दशः केलं आणि तीन दिवसांत मन पूर्ण निःशब्द झालं. बडोद्याहून ते पुण्याला आणि तिथून मुंबईला गेले. १९ जानेवारीला तिथे भाषण होतं आणि डोक्यात एकही विचार नव्हता. बोलायचं काय, असं लेल्यांना विचारलं. श्रोत्यांना नमस्कार करून थांबा, बोलणं येईल, असं लेले म्हणाले. अरविंद उभे राहिले, हात जोडले आणि थांबले. बोलणं आलं.