एल्डरच्या फुलोऱ्यापाशी थांबा

युरोपातल्या जून महिन्यातली पायवाट. चढ सोपा, सावली कमी, सुट्टीच्या दिवशी गर्दी नको तेवढी. माझ्या लेखी या वाटेवर थांबण्याजोगी जागा एकच, एल्डरचं फुललेलं झुडूप. पांढऱ्या फुलोऱ्यात सेटोनिया ऑराटा, दीड-दोन सेंमीचा झळाळता हिरवा भुंगेरा, परागात तोंड खुपसून बसलेला असतो. कडक ऊन हवं. ढग आले की तो हलत नाही.

लोक फांदी ओढून मोबाइल जवळ नेतात. भुंगेरा एक तर उडतो, नाहीतर गवतात पडतो. याची मला फार चीड येते, कारण बघण्याजोगं असतं ते त्याचं सावकाश झालेलं उड्डाण. सावली पडू न देता दोन पावलं मागे उभं राहावं. बहुतेक भुंगेरे पुढचे टणक पंख उचलून उडतात. हा ते मिटलेलेच ठेवतो; खांद्यामागे पंखाच्या कडेला खाच असते, तिच्यातून मागचे पातळ पंख बाहेर येतात. फुलांवरच भेटणारा केसाळ ट्रिकियस मात्र पंख उघडून उडतो, म्हणून एवढ्या एका खुणेवर विसंबू नये.

शेणाचे गोळे लोटणारे किडे, गेंड्या भुंगेरा, हुमणीचे भुंगेरे हे सगळे याच स्कॅराबिडी कुळातले. शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशीच्या, टोकाची उघडमिट होणारी पानं ही कुळाची खूण. फुलांवरच्यांचं उपकुळ सेटोनिनी. जाती सुमारे ४०००, १० सेंमीपर्यंत वाढणारा आफ्रिकेतला गोलियाथस धरून. सेटोनिया वरून पाहिला तर छातीची ढाल आणि पंख यांच्यामध्ये खांद्यापाशी छोटी त्रिकोणी चकती दिसते. याच कुळातल्या पानं खाणाऱ्या हिरव्या भुंगेऱ्यांत ती वरून दिसत नाही.

थ्रीडी सिनेमाचा वर्तुळ-ध्रुवीकरणाचा चष्मा सोबत असू द्या. तो नेहमीसारखा लावून एकेक डोळा मिटा: एका काचेतून भुंगेरा हिरवा, दुसरीतून जवळजवळ काळा. कवचाचे थर मळसूत्री वळणाने रचलेले असल्यामुळे परावर्तित प्रकाश डाव्या वळणाचा होतो, आणि चष्म्याची एकच काच तो आत सोडते. साध्या पोलराइज्ड गॉगलने हे दिसत नाही.

सेटोनियाच्या अळ्या कुजक्या लाकडात, पालापाचोळ्यात नि कंपोस्टमध्ये वाढतात. हुमणी समजून त्या सर्रास चिरडल्या जातात, हे फार वाईट. अळी सपाट जागेवर ठेवून पाहा: हिचं डोकं लहान, मागचा भाग जाड, आणि ती पाठीवर उलटी होऊन सरकते. मुळं खात नाही, कुजकंच खाते. तिला परत ढिगात ठेवा.