वाकळीचा गोट

गोट, म्हणजे वाकळीच्या कडेला दुमडून शिवलेली पट्टी, वाकडा दिसला की लोक पट्टीला दोष देतात. खोट बहुतेक वेळा कापणीत असते. धावदोऱ्याने थर आत ओढले जातात, तेही सगळीकडे सारखे नाही. म्हणून शिवून झालेली वाकळ क्वचितच काटकोनात असते. जमिनीवर पसरून कापायची रेघ खडूने आखा. कोपऱ्यापासून एका कडेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा. खुणांमधलं अंतर ५ फूट भरलं तर काटकोन बरोबर. ५ बाय ७ फुटांच्या वाकळीचे दोन्ही कर्ण सुमारे १०३ इंच यायला हवेत. रेघेच्या दोन सूत (पाव इंच) आत धावदोरा घालून मगच कात्री लावा, नाहीतर जुन्या लुगड्यांचे थर घसरतात.

पट्टी सुतीच घ्या. बाजारातली चकचकीत सॅटिनची पट्टी स्वस्त पडते, पण धुतल्यावर सूत आटतं, ती आटत नाही, आणि कड कायमची लाटांची होते. लाल कापड आधी वेगळं धुवा. चार-पाच थरांच्या वाकळीला ३ इंच रुंद पट्टी लागते, लांबी घेरापेक्षा फूटभर जास्त, म्हणजे इथे ३०० इंच. ४४ इंच पन्ह्याच्या पाऊण मीटर कापडात आठ पट्ट्या निघतात. जोड तिरके द्या. सरळ जोडाची गाठ एकाच जागी जाड होते.

पट्टी उभी दुमडून इस्त्री करा. उघड्या कडा वाकळीच्या कडेला लावून, बाजूच्या मध्यापासून तीन सूत आत टीप मारा. पट्टी ताणली तर वाकळीला चुन्या पडतात, वाकळ ताणली तर झालर होते. कोपऱ्याच्या तीन सूत आधी थांबून उलटी टीप द्या, पट्टी वर तिरकी दुमडा, मग खाली आणून नवी बाजू कडेपासून सुरू करा. शेवटी दोन्ही टोकं एकमेकांवर बरोबर ३ इंच येतील अशी कापा, घडी उघडून तिरकी जोडा.

मागची बाजू हातानेच हेम करा, टीप झाकली जाईल इतपत. कोपऱ्याची मागची घडी पुढच्याच्या उलट दिशेला घाला, म्हणजे जाडी वाटली जाते.

गोव्याच्या पावसात साध्या टाचण्या रात्रभर कापडात ठेवू नका, गंजाचे डाग सहजासहजी जात नाहीत. कपडे वाळवायचे चिमटे बरे. जाड कडेला टाचणीपेक्षा पक्के धरतात. आणि वाकळ ओलसर असेल तर गोट लावूच नका, ऊन पडेपर्यंत थांबा.