केपटाऊनची लाल बस आणि आम्हाला नाचवणारा डोंगर

डिसेंबरात मी आणि आई केपटाऊनला जाऊन आलो. आईचे गुडघे अडुसष्ट वर्षांचे, बाकीची आई जेमतेम चाळिशीची, त्यामुळे पायी भटकणं बाद आणि सारखी टॅक्सी करणं खिशाला बाद, म्हणून हॉप ऑन हॉप ऑफ बसचा, म्हणजे कुठल्याही स्टॉपवर उतरा आणि मागच्या बसने पुढे जा अशा लाल बसचा, दोन दिवसांचा पास काढला. वॉटरफ्रंटला अ‍ॅक्वेरियमपाशी बस सुटते, फोनवरचा कोड दाखवायचा, इयरफोन घ्यायचे आणि वर जाऊन बसायचं. वाटेतल्या ठिकाणांची माहिती सांगणारी भाषांची चॅनलं ढीगभर, मराठी अर्थातच नाही, त्यामुळे मी ऐकायचं आणि आईला सांगायचं, तोवर ती जागा मागे गेलेली असायची.

पहिल्या दिवशी सकाळी शहरामागचा डोंगर, टेबल माउंटन, एकदम स्वच्छ, एक ढग नाही, वारा नाही. डोंगरावर नेणाऱ्या केबल कारच्या स्टॉपवर निम्मी बस रिकामी झाली. आई म्हणाली, "अगं थांब, आधी अख्खी चक्कर मारू, काय काय आहे ते बघू आणि मग ठरवू कुठे उतरायचं." मलाही पटलं. तिथेच आम्ही माती खाल्ली.

तशी चक्कर भारीच होती. क्लूफ नेकची खिंड ओलांडून बस कॅम्प्स बेच्या बाजूला उतरायला लागते तेव्हा समोर एकदम अटलांटिक येतो आणि बसमधले सगळेच दोन मिनिटं गप्प होतात. डावीकडच्या सीटवर बसा हं, कारण पुढे क्लिफ्टन, सी पॉइंटपर्यंत समुद्र त्याच बाजूला राहतो, आम्ही उजवीकडे बसून परक्या लोकांच्या डोक्यांचे फोटो काढले. कॅम्प्स बेला उतरून पाण्यात पायही घातले आणि लगेच बाहेर काढले, भर उन्हाळ्यात पाणी बर्फासारखं! त्या किनाऱ्याला थंड बेंग्वेला प्रवाह आहे हे नंतर इयरफोनवाल्याने सांगितलं, जरा आधी सांगितलं असतं तर.

मग गावात उतरलो आणि बाराला एवढ्या जोरात धडाम झालं की आईने माझा दंडच धरला. सिग्नल हिलवरून रविवार आणि सरकारी सुट्ट्या सोडून रोज दुपारी बाराला तोफ उडते, शहरात ही प्रथा १८०६ पासूनची. आजूबाजूचं कोणी मान वर करून बघेना, एकाने फक्त घड्याळ बघितलं.

तिथून डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियमला गेलो. खरं तर यादीत नव्हतं, ऊन लागत होतं म्हणून आत शिरलो. डिस्ट्रिक्ट सिक्स ही शहरातली जुनी वस्ती, १९६६ मध्ये सरकारने हा भाग फक्त गोऱ्यांचा म्हणून जाहीर केला आणि साठेक हजार लोकांना घरं सोडायला लावली, घरांवर बुलडोझर फिरवले. जुन्या चर्चमध्ये हे म्युझियम आहे, आणि जमिनीवर त्या वस्तीचा भलामोठा नकाशा, त्यावर तिथल्या लोकांनी येऊन आपापलं घर कुठे होतं तिथे नाव लिहून ठेवलंय. आई नकाशाच्या कडेकडेने चालत होती, नावांवर पाय पडू नये म्हणून. मी काही भाषांतर केलं नाही, तिला गरज नव्हती. पाऊण तास गेला तिथे, आणि अख्ख्या ट्रिपमध्ये एवढंच ठिकाण असं की तिने "चला आता" म्हटलं नाही.

बाहेर येऊन बघतो तर डोंगरावर पांढरी चादर! आग्नेयेकडून वारा येतो, दमट हवा डोंगराला धडकून वर चढते, वर गार होऊन ढग होतात आणि ते अलीकडच्या कड्यावरून दूध उतू गेल्यासारखे ओघळतात, पण खाली पोचायच्या आत विरून जातात. दिसायला अप्रतिम, पण केबल कार बंद. लोकं या वाऱ्याला केप डॉक्टर म्हणतात कारण तो शहराची हवा साफ करतो, आमचा तर प्लॅनच साफ केला.

दुसऱ्या दिवशी पण तेच, उलट वारा जास्त. मग त्याच बसच्या दुसऱ्या, निळ्या रूटने कर्स्टनबॉशला गेलो (पहिल्या दिवशीचा लाल होता), १९१३ सालची बाग आहे, डोंगराच्या मागच्या उतारावर. वाटेत वरच्या डेकवरून आईची टोपी उडाली, ती शांतपणे म्हणाली, "आता ती हॉप ऑफ झाली." बागेत झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा वळणावळणाचा पूल आहे, गुडघ्यांना अजिबात त्रास नाही, आम्ही तीनदा फिरलो आणि त्या नादात शेवटची बस गेली. चूक माझीच, मी शेवटच्या बसची वेळ बघितली होती पण लाल रूटच्या तक्त्यात, आणि आम्ही होतो निळ्यावर. त्यामुळे त्याच रूटवरचं हाउट बे राहिलंच, वर टॅक्सीचे पैसे गेले. स्टॉपवर उतरलात की तिथल्याच पाटीचा फोटो काढून ठेवा.

तिसऱ्या दिवशी पास संपला आणि डोंगर मोकळा झाला, हे व्हायचंच होतं. उठल्याउठल्या केबल कारच्या साइटवर चालू आहे का बघितलं आणि चहासुद्धा न घेता टॅक्सीने पळालो. (केबल कारचं तिकीट बसच्या पासमध्ये नसतं, वेगळं काढावं लागतं.) केबल कार १९२९ पासून आहे, पण आताच्या डब्याची जमीन गोल फिरते. भिंत जागच्या जागीच. आईने सवयीने खिडकीपाशी धरलं आणि पाय निघाले पुढे, ती तिरकी होत होत "अगं, अगं" करेपर्यंत एका अनोळखी काकांनी तिला सरळ केलं.

वर हजार मीटरहून उंचावर सगळं सपाट, म्हणून तर नाव टेबल. समुद्रात रॉबेन आयलंड दिसत होतं, मंडेलांच्या २७ वर्षांच्या कैदेतली १८ तिथे गेली, तिथली बोट वेगळी असते आणि ती पण वाऱ्यावर अवलंबून, आम्ही नादच सोडला होता.

आई मात्र कठड्याला टेकून उलट खालीच बघत होती. खालच्या स्टेशनकडे रस्त्यावर काडेपेटीएवढी लाल बस येत होती. "ती बघ आपली," म्हणाली, "निम्मी रिकामी होणार बघ."