नक्की येतो

"साडेपाचला, तळघरात. येशील ना?" रॉयल माइल या रस्त्यावर तिनं आपल्या प्रयोगाचं पत्रक हातात कोंबलं. "नक्की," म्हणालो आणि सटकलो.

एडिंबरा फ्रिंजला, म्हणजे स्कॉटलंडमधल्या या कलामहोत्सवाला, मी पहिल्यांदाच आलोय. तासाभरात खिशात चौदा पत्रकं जमली. तिचं तेवढं लक्षात राहिलं, कारण ते पावसात भिजलेलं होतं आणि छापलेली वेळ पेनानं खोडून सुधारली होती. (ऑगस्ट म्हणे इथला उन्हाळा!)

संध्याकाळी पाऊस चुकवायला एका पबमध्ये शिरलो, तर खालच्या खोलीत तीच. समोर चार माणसं.

"अरे, तू खरंच आलास!"

मी नुसती मान डोलावली. खोटारडा.

प्रयोग बरा होता, मध्ये जरा रेंगाळला. संपल्यावर ती बादली घेऊन दारात उभी. तिकीट नाही, मनाला येईल ते टाका. पाच पौंड टाकले, पण तिच्याकडे बघवेना.

१९४७ मध्ये आठ नाटकमंडळ्या इथल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचं आमंत्रण नसताना या गावात आल्या, तिथून हे सगळं सुरू झालं. बोलावलेलं नसताना येणारी माणसं ती. आणि आपण? निघतानाही "येतो" म्हणणारे.

पुण्यातल्या नाटकवाल्या मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांना मी "नक्की येतो" म्हणून ठेवलंय?