बुडाशी बसलेला निळा

रविवार, रात्री साडेअकरा

आईचं बोलणं डोक्यातून जात नाही. बोलली तरी काय, वाळवण उचलता उचलता बाटलीकडं पाहून सहज म्हणाली, "रंग गेला म्हंतं तू, पण तो तं बुडाशी जाऊन बसला ना वं."

सकाळपासून अंगणात ठेवली होती. पाण्यात मिथिलीन ब्लू हा निळा रंग, १० पीपीएम, म्हणजे लिटरला दहा मिलिग्रॅम, त्यात उन्हात रंग तोडायला केलेली माझी पावडर, तांबं घातलेलं झिंक ऑक्साइड. दर दहा मिनिटांनी उठून हलवत होते, शेजारची पोरं हसत होती. दुपारी दोनला वरचं पाणी निवळशंख. मी खूश! अन् ती पावडर, टाकताना फिकट राखाडी होती, ती खाली निळी होऊन बसलेली. मला दिसलं नाही, की पाहायचंच नव्हतं?

रंग तुटला की नुसता चिकटला, एवढाच तर सगळा प्रश्न. ऊन पडलं की पावडरीतला इलेक्ट्रॉन उठतो, मागं पोकळी राहते, ती पाण्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा तापट कण काढते, तो रंगाचा रेणू फोडतो. नुसत्या झिंक ऑक्साइडला त्यासाठी अतिनील किरण लागतात, उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के, म्हणून तांबं, साधा उजेडही कामी यावा यासाठी. पोरांना हे फळ्यावर तोंडपाठ शिकवते. आधी अर्धा तास अंधारात ठेवायचं, चिकटणारं चिकटून घेऊ द्यायचं, हेही मीच शिकवते. आज तो अर्धा तासच गाळला. घाई होती म्हणे. कोण वाट पाहून राहिलं होतं?

तासिकेचं बिल, सरांचा परवाचा फोन... जाऊ दे.

पावडर भाजताना भट्टी ४५० अंशावर असताना तीनदा लाइट गेली तेव्हा रडले नाही. आज चिमूटभर निळ्यापायी डोळे भरले. दोन वर्षं मी काय रंगाची नुसती जागा बदलत होते?

मग हसूच आलं. मिथिलीन ब्लू नुसतं उन्हात ठेवलं तरी थोडं विटतंच, अन् बिनपावडरची बाटली मी शेजारी ठेवलीच नव्हती. तेवढं आईच्या ध्यानात आलं नाही, नशीब.

आता दोन भरल्यात. एकीत पावडर, एकीत नुसता रंग. दोन्ही तुरीच्या कट्ट्यांमागं, वरून बाबांचं घोंगडं. आई झोपेतून म्हणाली, "आता हे काय उबवाले ठेवलं वं?"

एवढ्यात लाइटही गेली. पहिल्यांदाच बरं वाटलं. बाराला काढायच्या, अजून अकरा मिनिटं आहेत.