साध्याकडून मागे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेतली एखादी आठवण पाठवा, असा निरोप आला. मला भूमितीचा तास आठवला. पक्ष, साध्य लिहून झालं की सिद्धता अडायची. सर म्हणायचे, "साध्य मिळालं असं धरा, आणि त्याच्या आदल्या पायरीला काय असायला हवं ते शोधा." पुढे संगणकशास्त्र शिकताना हीच रीत मला केन थॉम्पसन यांच्या कामात भेटली आणि मी त्या विषयात रमलो तो कायमचाच.

थॉम्पसन हे अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन प्रयोगशाळेचे, युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या जनकांपैकी एक. जो कॉन्डन यांच्यासोबत त्यांनी 'बेल' नावाचं खास बुद्धिबळासाठीचं यंत्र बांधलं. सेकंदाला सुमारे १,६०,००० स्थिती तपासणारं हे यंत्र १९८० मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ इथे संगणकांचं जगज्जेतं ठरलं. त्याच्या वेगाचं कौतुक पुष्कळ झालं. मला मात्र थॉम्पसन यांचं एंडगेमवरचं, म्हणजे मोजके मोहरे उरलेल्या डावाच्या शेवटच्या टप्प्यावरचं, काम त्याहून मोठं वाटतं.

पटावर चार-पाच मोहरे उरलेले असताना पुढच्या खेळी चाळण्याऐवजी त्यांनी निकाल लागलेल्या सगळ्या स्थिती आधी घेतल्या. त्यांच्या एक खेळी आधी काय असेल, त्याच्याही आधी काय, असं मागे येत प्रत्येक स्थितीचा निकाल नोंदवला. यात अंदाजाला जागाच नाही, ही सिद्धता आहे.

वजीर विरुद्ध हत्ती यात वजीरवाला फारसं न अडता जिंकतो, असा जाणकारांचा समज होता. ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन पैज लावून या नोंदींवर खेळणाऱ्या यंत्रासमोर बसले. राजाजवळ हत्ती ठेवून बचाव करायचा, ही माणसांची सवय. यंत्र खुशाल हत्ती दूर नेई. सलग पन्नास खेळींत एकही मोहरा मारला गेला नाही किंवा प्यादं हललं नाही, तर डाव बरोबरीत सोडवता येतो; तेवढ्या खेळींत ब्राउन यांना जिंकता आलं नाही. मग त्यांनी अभ्यास केला, पुन्हा खेळले आणि बरोबर ५० व्या खेळीला हत्ती मारला. यंत्राकडून शिकून यंत्रालाच हरवणारा हा खेळाडू मला फार आवडतो.

दोन उंट विरुद्ध एक घोडा हा तर एकोणिसाव्या शतकापासून बरोबरीचा डाव मानला जाई. थॉम्पसन यांच्या नोंदींनी दाखवलं की बहुतेक स्थितींत उंटवालाच जिंकतो, फक्त त्याला कधी ६६ खेळीही लागतात. म्हणजे ५० खेळींचा तोच नियम आड आला. फिडे या बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने काही काळ अशा एंडगेमसाठी मर्यादा वाढवली आणि पुढे ती सवलत काढून घेतली. हा निर्णय मला आजही पटत नाही. जिथे विजय सिद्ध झाला आहे, तिथे खेळाडूला तो मिळवायला लागतील तेवढ्या खेळी द्यायला हव्यात.